वजन तेच आहे, मग साखर का वाढली? साठीनंतरचे स्नायू, चरबी आणि व्यायाम

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ६३, उंची १६८ सेंटिमीटर, वजन गेली वीसेक वर्षे ६६-६७ किलोच्या आसपास. रोज सकाळी पाऊण तास चालणे होते, खाण्यापिण्यात मोठा बदल नाही. तरीही या वेळच्या तपासणीत एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) ३८ आणि कमरेचा घेर ९५ सेंटिमीटर. सल्ला मिळाला तो 'वजन कमी करा' एवढाच. वजन वाढलेलेच नाही तर कमी काय करायचे, चालणे नियमित असूनही हे कसे झाले, आणि या वयात वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करून काही हाती लागेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर ठाऊक नसेल तर बाकीचे वाचण्यात मन लागणार नाही. हाती लागेल, आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त. १९९० साली मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धसंस्थेत राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड वजनांचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या मध्यभागातले स्नायू ९ टक्क्यांनी भरले. चारच वर्षांनी याच मंडळींनी सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. नव्वदीतला स्नायू दोन महिन्यांत असा प्रतिसाद देत असेल, तर त्रेसष्टाव्या वर्षी 'आता उशीर झाला' म्हणण्याला काहीच आधार नाही.

आता मूळ गोष्ट. तुमचे वजन तेच आहे हे खरे, पण त्या ६७ किलोंमध्ये काय काय आहे ते बदलले आहे. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहून भराभर उतरते. अमेरिकेत सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या सुमारे तीन हजार लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला, त्यात ताकद कमी होण्याचा वेग स्नायू कमी होण्याच्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट होता. स्नायू घटले आणि वजन तेच राहिले, याचा हिशेब सरळ आहे: गेलेल्या स्नायूंची जागा चरबीने घेतली. तुमच्या बाबतीत ती कुठे बसली हे कमरेचा घेर सांगतोच आहे. बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हाच बदल अधिक झपाट्याने होतो. मांड्या-नितंबांकडे साठणारी चरबी इस्ट्रोजेन कमी झाल्यावर पोटाकडे वळते, तेव्हा हे वाचणाऱ्या भगिनींनीही आपापला घेर मोजावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो माणसाला हतबल करतो. 'चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, त्याला कोण काय करणार' असे सर्रास म्हटले जाते. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे एकत्र प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार आणि त्यातले स्नायू-चरबीचे प्रमाण जमेस धरले, तर वीस ते साठ या वयात ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर तो उतरतो, पण दरवर्षी साधारण ०.७ टक्के इतकाच. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत जे बिघडते त्याचा दोष वयाच्या आकड्यावर टाकता येत नाही. त्या काळात हालचाल कमी होते आणि स्नायू झिजतात, आणि या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातातल्या आहेत.

स्नायूंचा साखरेशी इतका घनिष्ठ संबंध कशामुळे? शरीरातले ग्लुकोजचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात सुमारे १०० ग्रॅम साखर मावते, तर सगळ्या स्नायूंत मिळून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. रक्तातले इन्सुलिन प्रयोगशाळेत मुद्दाम चढे ठेवून पाहिले, तर शोषल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी सुमारे ८० टक्के वाटा एकटे स्नायू उचलतात. आता हे कोठार आकाराने लहान झाले आणि त्यातला साठा रोज वापरलाही गेला नाही, तर जेवणानंतर येणाऱ्या साखरेला जागा कुठे मिळणार? ती रक्तात जास्त वेळ रेंगाळते, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते, आणि उरलेली साखर यकृत चरबीत बदलून ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते. ट्रायग्लिसराइड वाढले की एचडीएल खाली येते. तुमच्या रिपोर्टमधली साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल हे तीन वेगवेगळे आजार म्हणून पाहू नका. तिघांचे मूळ एकच आहे.

स्नायू केवळ आकाराने कमी होतात असेही नाही, त्यांची प्रतही उतरते. तंतूंच्या मध्ये आणि आत चरबीचे थेंब साठतात, त्यातून तयार होणारी काही द्रव्ये इन्सुलिनचा निरोप आत पोहोचू देत नाहीत. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची, क्षमता घटते, त्यामुळे चरबी जाळण्याचे कामही मंदावते. गंमत म्हणजे रोज भरपूर पळणाऱ्या धावपटूंच्या स्नायूंतही चरबी पुष्कळ असते, पण ती रोज वापरली जाते आणि पुन्हा भरली जाते, म्हणून त्यांना बाधत नाही. बाधते ती पडून राहिलेली चरबी.

चरबीबद्दलही हेच: किती आहे यापेक्षा कुठे आहे याला महत्त्व जास्त. त्वचेखालची, चिमटीत धरता येणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीतली स्निग्धाम्ले मात्र आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतून थेट यकृताकडे जातात, आणि ही चरबी दाह वाढवणारी रसायनेही सोडत राहते. २००४ मध्ये झालेला एक प्रयोग मी रुग्णांना नेहमी सांगते. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे ९ ते १० किलो चरबी शस्त्रक्रियेने ओढून काढली. वजन कमी झाले, पोट दिसायला सपाट झाले. तीन-एक महिन्यांनी तपासले तर इन्सुलिनची संवेदनशीलता, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देते ते, होती तिथेच, रक्तदाब तोच, ट्रायग्लिसराइडही तेच. काढली गेली ती त्वचेखालची चरबी होती. पोटाच्या आतली, यकृतातली आणि स्नायूंतली चरबी जागच्या जागी राहिली. याउलट नियमित दमदार व्यायामाने आतली आणि यकृतातली चरबी कमी होते, आणि अनेकदा काट्यावर वजन फारसे हललेले नसतानाही कमी होते.

म्हणून तुम्हाला मिळालेला सल्ला मला अपुरा वाटतो. १६८ सेंटिमीटर उंचीला ६७ किलो वजन म्हणजे बॉडी मास इंडेक्स जेमतेम २३.७. तुम्ही जेवण अर्ध्यावर आणून सहा किलो उतरवले, तर त्यातला साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहून अधिक, स्नायूंसह चरबी सोडून इतर ऊतींचा असेल. आधीच लहान झालेले कोठार आणखी लहान होईल. पुढे वजन पुन्हा वाढले, जे बहुतेकांचे वाढते, तर परत येते ती मुख्यतः चरबी. साठीनंतर असे दोन-तीन फेरे झाले की माणूस वजनाने पूर्वीइतकाच, पण पायांत जोर नसलेला होतो. हे मी इतक्या जणांत पाहिले आहे की उपवासाच्या जोरावर पटकन वजन उतरवण्याचा बेत कुणी सांगितला की मला काळजी वाटते.

ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे त्यांना मात्र ते उतरवायलाच हवे. त्यांच्यासाठीही दिशा स्पष्ट आहे. २०१७ मध्ये १६० लठ्ठ ज्येष्ठांवर सहा महिन्यांचा अभ्यास झाला. तुलनेसाठी ठेवलेला एक गट सोडून बाकी सगळ्यांचे वजन आहाराने उतरवले. काहींना नुसता चालण्या-सायकलचा व्यायाम, काहींना नुसता ताकदीचा, काहींना दोन्ही. वजन तिघांचेही जवळपास सारखेच, नऊ टक्क्यांच्या आसपास उतरले. चरबीविरहित वजनाची घट मात्र पहिल्या गटात ५ टक्के, ताकदीच्या गटात २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्के. हाडांची घनताही नुसत्या चालण्या-सायकलच्या गटात सर्वांत जास्त घटली. शारीरिक क्षमता सर्वांत जास्त सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. सध्या वजन उतरवणारी इंजेक्शने अनेक जण घेत आहेत. औषध चांगले आहे, ज्याला गरज आहे त्याने जरूर घ्यावे, पण भूक मेल्यामुळे प्रथिने कमी पडतात आणि वजनाबरोबर स्नायूही उतरतात. साठीपुढच्या माणसाने ते इंजेक्शन ताकदीच्या व्यायामाविना घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मग तुमच्या चालण्याचे काय? ते वाया गेलेले नाही, हे आधी सांगते. ते नसते तर हेच आकडे बहुधा काही वर्षे आधी दिसले असते. मधुमेह टाळण्यावरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३,२३४ लोक होते आणि व्यायाम मुख्यतः भरभर चालण्याचाच होता, आठवड्याला १५० मिनिटे, सोबत ७ टक्के वजन उतरवण्याचे उद्दिष्ट. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. साठीपुढच्यांत तर जीवनशैलीतल्या बदलाचा फायदा ७१ टक्क्यांपर्यंत गेला. पण त्या लोकांकडे उतरवायला वजन होते, तुमच्याकडे फारसे नाही. शिवाय तुमच्या चालण्यात दोन त्रुटी असाव्यात असा माझा अंदाज आहे.

पहिली त्रुटी वेगाची. वर्षानुवर्षे त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, गप्पा मारत चालले की शरीर त्याला सरावते आणि मग त्यातून नवे काही घडत नाही. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतपत दम लागला, तर वेग योग्य. मधेच दोन-तीन मिनिटे असे चाला की एका श्वासात चार-पाच शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मग दोन मिनिटे सावकाश, मग पुन्हा तसेच. पाऊण तासात असे चार-पाच टप्पे पुरेत. चढ किंवा जिना मिळाला तर उत्तमच.

दुसरी त्रुटी अशी की चालण्याने सगळे स्नायूतंतू कामाला लागतच नाहीत. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे चालण्याला पुरतात. जोरकस, झटकन काम करणारे तंतू फक्त मोठा भार आला तरच कामाला लागतात, आणि वयाबरोबर सर्वांत जास्त आकसतात ते हेच. ठेच लागली असता तोल सावरणारे तंतूही हेच. सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर चाललात तरी त्यांना क्वचितच काम पडते. ताकदीच्या व्यायामाला पर्याय नाही असे मी म्हणते ते यामुळे. २०१० मध्ये मधुमेह असलेल्या २६२ लोकांना नऊ महिने वेगवेगळे व्यायाम दिले, आणि एकूण वेळ साधारण सारखाच ठेवला. नुसता एरोबिक (चालण्या-सायकलसारखा, दम वाढवणारा) किंवा नुसता ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांच्या एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, दोन्ही मिसळून करणाऱ्यांत मात्र पडला.

व्यायामाने साखर उतरते कशी, हेही समजून घ्या, म्हणजे दिवसांची आखणी का करायची ते कळेल. ग्लुकोजला पेशीत नेणारे 'ग्लूट-४' नावाचे प्रथिन एरवी पेशीच्या आत असते. इन्सुलिनचा निरोप आला की ते पृष्ठभागावर येते. स्नायू आकुंचन पावला तर तेच प्रथिन इन्सुलिनच्या निरोपाविनाही पृष्ठभागावर येते. इन्सुलिनला शरीर दाद देत नसतानाही हा दुसरा मार्ग बहुतेकांत शाबूत असतो. व्यायाम संपल्यावर रिकामे झालेले ग्लायकोजेन भरून काढेपर्यंत, साधारण एक ते दोन दिवस, स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. मग परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी तीन तास घाम गाळून सहा दिवस बसण्यापेक्षा थोडा थोडा व्यायाम, पण सलग दोन दिवसांचा खंड न पडू देता, हे साखरेसाठी जास्त उपयोगी.

सुरू करण्याआधी दोन मोजमापे घरीच घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. तुमच्यासाठी निम्मी उंची म्हणजे ८४, आणि तुम्ही ९५ वर आहात. एका महिन्यात ८४ गाठायचे नाही, पण दिशा तीच.

दुसरे मोजमाप खुर्चीचे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक साठीपुढच्या माणसाला मी रिपोर्ट उघडण्याआधी हे करायला लावते. बिनहाताची, भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर दुमडलेले, पाच वेळा पूर्ण उभे राहून पूर्ण बसायचे, आणि वेळ मोजायची. १५ सेकंदांहून जास्त लागले तर ताकद कमी पडते आहे असे युरोपीय निकष मानतात. आशियाई निकष १२ सेकंदांवरच सावध करतात. पण सेकंदांपेक्षाही मी उठण्या-बसण्याची रीत पाहते. पहिल्या दोन वेळा सगळेच झोकात उठतात. तिसऱ्या वेळी पावले नकळत मागे सरकतात आणि धड पुढे झोका घेते. चौथ्या वेळी दुमडलेले हात सुटून मांडीवर येऊ पाहतात. आणि बसताना शेवटचे चार बोटे अंतर शरीर अक्षरशः खुर्चीत पडते, धप्प आवाज येतो. त्या चार बोटांत मांडीच्या स्नायूंनी काम सोडलेले असते. व्यायाम सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांत तो धप्प आवाज आधी नाहीसा होतो, सेकंद नंतर सुधारतात.

डेक्सा स्कॅन या क्ष-किरणांच्या तपासणीने चरबी आणि स्नायू नीट मोजता येतात, पण तुमच्या परिस्थितीत निर्णय बदलेल असे त्यातून काही कळणार नाही. पायाखाली ठेवून चरबीचा टक्का सांगणारी घरगुती यंत्रे शरीरातल्या पाण्यावर अंदाज बांधतात. सकाळ-संध्याकाळचा आकडासुद्धा बदलतो, त्यामुळे दर आठवड्याला ते पाहून मन खट्टू करून घेऊ नका.

आता प्रत्यक्ष व्यायाम. आठवड्यातून दोन दिवस, शक्य असल्यास तीन, मधे किमान एक दिवस सोडून. घरी करा किंवा जिममध्ये, स्नायूला फरक कळत नाही. पाच हालचाली पुरतात: खुर्चीवरून उठणे-बसणे किंवा बैठका, कमरेत, पाठ सरळ ठेवून, वाकत जमिनीजवळचे वजन उचलणे, भिंतीवर किंवा टेबलावर हात टेकून जोर, रबरी पट्टा किंवा डंबेल स्वतःकडे ओढणे, आणि टाचा उचलणे. प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा, असे दोन-तीन सेट, मधे दीड-दोन मिनिटे विश्रांती. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास.

यात सगळ्यांत महत्त्वाचे आणि सगळ्यांत दुर्लक्षित ते भाराचे माप. दहा वेळा करून झाल्यावर अजून दोन किंवा तीन वेळाच जमले असते असे वाटले पाहिजे. शेवटच्या दोन वेळा हालचाल आपोआप सावकाश होते, चेहरा आवळला जातो, पण ढब बिघडत नाही, तो भार योग्य. अजून दहा वेळा सहज झाले असते असे वाटत असेल, तर तुम्ही हात-पाय हलवलेत, ताकदीचा व्यायाम झाला नाही. ज्येष्ठांना एक-एक किलोची रंगीत डंबेले देऊन महिनोन्महिने तेच करायला लावतात, त्याचे मला वाईट वाटते. घरी भरलेली पिशवी उचलणाऱ्या माणसाला एक किलोचा भार देण्यात काळजी नाही, त्याच्या क्षमतेला कमी लेखणे आहे. पहिले दोन-तीन आठवडे मात्र मुद्दाम हलके घ्या आणि ढब पक्की करा. सांधे आणि कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात. मग बारा वेळा सहज जमू लागले की भार थोडा वाढवा. आणि प्रत्येक वेळी खाली जाताना तीन सेकंद लावा, कारण भार सांभाळत खाली जाण्यातही स्नायू तितकाच घडतो.

तोल सांभाळण्याचा सराव यालाच जोडून घ्या. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तरी तो करावा असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, एका रेषेत टाचेला बोटे लावत चालणे, एवढे पुरते. दोन वर्षांनी सुरू करण्यापेक्षा आताच केलेले बरे.

सकाळी पाऊण तास चालून उरलेला दिवस खुर्चीत घालवत असाल, तर तेही बदला. चालण्याचा काही भाग जेवणांनंतर न्या. साठीपुढच्या, साखर वाढू लागलेल्या काही लोकांवरच्या एका छोट्या अभ्यासात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे हे दिवसभराच्या साखरेसाठी सकाळी सलग ४५ मिनिटे चालण्याइतकेच उपयोगी ठरले, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्यानेच जास्त खाली आली. अर्ध्या तासाहून जास्त सलग बसू नका, दोन मिनिटे उठून फिरलात तरी जेवणानंतरच्या साखरेत फरक दिसतो.

निष्क्रियतेची किंमत किती, हे सांगणारे दोन अभ्यास माझ्या कायम मनात असतात. १९६६ मध्ये डॅलस इथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयवाढीने शरीराची कार्यक्षमता जेवढी घटली, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. ज्येष्ठांची गोष्ट तर आणखी गंभीर: सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांनी फक्त दहा दिवस अंथरुणात काढले आणि पायांतले जवळजवळ एक किलो स्नायूंसारखे चरबीविरहित ऊतक गमावले. आजारपण, शस्त्रक्रिया, रुग्णालयातला आठवडा यांनंतर साखर एकाएकी का बिघडते, याचे एक कारण हे आहे. आजारातून उठताच, डॉक्टरांची परवानगी मिळताच, खुर्चीवरून उठण्या-बसण्याने पुन्हा सुरुवात करायची.

प्रथिनांविना हे सगळे अर्धवट राहते. वाढत्या वयात स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात, त्यामुळे तरुणाला पुरणारे प्रमाण पुरत नाही. ज्येष्ठांसाठी तज्ज्ञगटांची शिफारस दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम आहे, म्हणजे तुमच्यासाठी ६७ ते ८० ग्रॅम. ते एकाच जेवणात न घेता प्रत्येक जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास येईल असे पाहा. बहुतेकांच्या न्याहारीत ते जेमतेम सात-आठ ग्रॅम असते, दुरुस्ती तिथूनच करा. दूध-दही, अंडी, मासे, मांस, डाळी, सोयाबीन, जे तुम्हाला चालते ते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुम्हाला लागू नाही. तो तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. नुसती पावडर पिऊन, भार न उचलता, स्नायू वाढत नाहीत हेही लक्षात असू द्या.

आणि काही खबरदाऱ्या, ज्यांत तडजोड नको. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप, चक्कर यांपैकी काही होत असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग व्यायाम. रक्तदाब खूप चढा असेल तर तो आधी आटोक्यात आणा. वजन उचलताना श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. रोखलेल्या श्वासाने रक्तदाब क्षणात उसळतो. ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेतात, त्यांची साखर व्यायामानंतर, अगदी रात्री झोपेतही, खाली जाऊ शकते, त्यामुळे मात्रा आधी बदलून घ्यावी. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाने नव्या रक्तवाहिन्या आलेल्या असतील तर जड वजने नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत. पावलांत बधिरता असेल तर रोज तळवे पाहा. रक्तदाब किंवा हृदयासाठीची बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, कारण ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. दम किती लागला तेच पाहा. गुडघेदुखी हे मात्र न करण्याचे कारण नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की बहुतेकांची दुखी कमीच होते. खुर्ची थोडी उंच घ्या आणि सुरुवात करा.

पहिल्या महिन्यात ताकद वाढेल ती मेंदू-मज्जातंतूंच्या सरावामुळे, स्नायू दिसायला तेच राहतील. खरी भर आठ ते बारा आठवड्यांनी पडू लागते. जेवणानंतरच्या साखरेत फरक मात्र पहिल्या काही दिवसांतच पडतो, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर तो तुम्हाला स्वतःला पाहता येईल: एक दिवस जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी तेच जेवण घेऊन पंधरा मिनिटे चाला, दोन्ही वेळा जेवणानंतर एका तासाने मोजा. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून ती त्याआधी करू नका. तीन महिन्यांनी ती, ट्रायग्लिसराइड-एचडीएल, कमरेचा घेर आणि खुर्चीचे सेकंद हे सगळे एकत्र डॉक्टरांपुढे ठेवा. वजन तेच असेल किंवा अर्धा किलो वाढलेही असेल, आणि घेर मात्र दोन-तीन सेंटिमीटरने उतरलेला असेल, तर काम योग्य चालू आहे. सहा महिने हे मनापासून करूनही एचबीए१सी वर जात राहिली तर गोळी घ्यायला कचरू नका. काहींच्या स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची क्षमताच मुळात कमी असते, त्यांना व्यायाम आणि गोळी दोन्ही लागतात, आणि गोळी सुरू झाली म्हणून आठवड्यातले ते दोन दिवस सोडायचे नसतात.